दहा मीटरच्या आत

गणतीच्या ॲपला आधी जागा पटावी लागते,
मग ते माणसांची चौकशी करतं.
चौसष्ट मीटर, असं दाखवतंय.
दहाच्या आत येईपर्यंत पुढचं पान उघडायचं नाही.

कणकुंबीला बस सोडून दीड तास चालले.
चपलेला लाल चिखल, पिशवीत पाचवीच्या न तपासलेल्या वह्या,
आणि हा गवळीवाडा: चार घरं, अकरा म्हशी, एक कुत्रं,
ते भुंकून कंटाळलं आणि माझ्याच सावलीत बसलं.

“आत ये की मास्तरीणबाई,” सगू झोरे म्हणते.
“आत नको मावशी, आभाळ दिसायला पाहिजे याला.”
ती हातातली केरसुणी खाली ठेवते,
वर बघते. किंदळ, जांभा, नाणा,
आभाळ असं फार नाहीच इथं.
“पावसाला बरं सापडतं आमचं घर,” म्हणते.

सत्तेचाळीस.
एक्कावन्न.
मी हात उंच करते, फोन उलटा करते,
हवेत आठचा आकडा काढते,
ट्रेनिंगमध्ये दाखवला होता तसा.
सगूची सून पदरात तोंड खुपसते.

नेटवर्कची एकच कांडी, तीही घाटापलीकडची.
गोव्यात आपलं स्वागत आहे, असा मेसेज येतो.
थोड्या वेळानं महाराष्ट्रात.
मी जागची हललेली नाही.
तेवढ्यात हल्लूर सरांचा फोन:
“लोकेशन बंतेन्री, देसूरकर मॅडम?”
“इन्नू इल्ल री, सर.”
पुढचं कुणालाच ऐकू जात नाही.

एकोणतीस.
पडद्यावर नकाशा उघडलेलाच नाही,
राखाडी चौकोन नुसते, आणि मधे मी, निळी.
मी उभी आहे आणि ठिपका चाललाय:
ओढा ओलांडला, परत आला,
सगूच्या परसाला वळसा घातला,
मग जंगलात बराच आत जाऊन थांबला.
सगू माझ्या खांद्यावरून बघतेय.
“हे तू?”
“हो.”
“बग, तुझा जीव कसा हिंडाय लागलाय.”

दारापुढं जमेना, चुलीमागं जमेना,
शेवटी गोठ्याच्या मागं, उकिरड्याशेजारी,
जिथं गेल्या वादळात फणस पडला
आणि घागरीएवढं आभाळ उघडं झालं,
तिथं आठ.
“आलं!” मी ओरडले. म्हैस दचकली.
“खरं हितं तर म्हस ऱ्हाती,” सगू म्हणाली.
मी बटण दाबलं होतं.

मग पान उघडलं. गावाचं नाव निवडा.
यादी लांब, कानडीत, मी बोटानं सरकवत गेले.
सगू नाव सांगत होती, दोनदा, तीनदा,
मी बहिरी असल्यासारखं सावकाश.
तिच्या आजेसासऱ्यानं ठेवलेलं नाव,
एका म्हशीचं. ती इथं व्याली म्हणून ते इथं राहिले.
यादीत ते नव्हतं.
सगळ्यात खाली होतं, इतरे.
“मिळालं काय?”
“मिळालं,” म्हणाले मी.

ताक दिलं तिनं, मिठाची चिमूट घालून.
दुसरा पेला मी नको म्हटला, तरी भरला.

संध्याकाळची बस.
खिडकीशी जागा, मांडीवर वह्या, तपासायचं मन नाही.
जांबोटीचा थांबा आला, भजीचा वास आला,
सहज फोन काढून बघितलं,
तर ठिपका अजून तिथंच, गोठ्यामागं,
खुंट्याला बांधल्यासारखा.
कंडक्टर म्हणाला, “मॅडम, खानापूर काय?”
मी हो म्हणायला थोडा उशीर केला.